अप्पांची कात्री

आमचे अप्पा शिंपी. पाच दिवस आयसीयूत बेशुद्ध होते. डॉक्टर म्हणाले, "त्यांच्याशी बोलत राहा. प्रतिसाद आला तर आशा आहे."

आत एका वेळी एकालाच सोडायचे, तेही दहा मिनिटं. ती दहा मिनिटं आम्ही रडण्यात घालवली. काकांनी तर असा गळा काढला की शेजारच्या खाटेवरचा पेशंट घाबरला. अप्पा ढिम्म. असली रडकी तोंडं बघायला कोण शुद्धीवर येईल? मीही आलो नसतो.

सहाव्या दिवशी आत्या आत गेली. अप्पांची धाकटी बहीण, जन्मभर त्यांच्या खोड्या काढत आलेली. तिचा आवाज दाराबाहेर मलाही ऐकू येत होता.

"दादा, तुझ्या कापडाच्या कात्रीनं मी कागद कापले रे. फळीवर अंथरायला. पुठ्ठासुद्धा कापला."

कागदानं कात्रीची धार मरते. लहानपणी त्याच कात्रीनं मी पतंगाचा कागद कापला, तेव्हा अप्पांनी मला बदड बदड बदडलं होतं.

दाराच्या काचेतून मी पाहिलं, अप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. उजव्या हाताची बोटं हलली. मशीन कोकलायला लागलं. नर्स धावत आली. "काय केलंत हो?"

"काही नाही. घरचं बोलत होते."

डॉक्टरांनी तपासलं आणि पहिल्यांदाच हसले. "शुद्धीवर येतायत."

आम्ही पुन्हा रडायला लागलो. आत्यानं मला कोपऱ्यात ओढलं.

"रडतोस काय मेल्या? पळ, कात्रीला धार लावून आण. मी खोटं बोलले नव्हते."