मुस्तीच्या वेशीवर

माऊस गार होता. तार्मोने त्यावर तळवा ठेवला आणि तो हलवायचं विसरून तसाच बसून राहिला — वाफेतून नुकत्याच वर आलेल्या हाताला सगळंच गार लागतं हे खरं, टेबलही गार लागत होतं, पण टेबल वेगळं आणि हे वेगळं. अर्धा तास माणूस जे मुठीत धरून बसला होता ते इतकं थंड कसं? जुन्या मित्राचे, वेसाचे हात तर शाळेपासून गरम, बर्फातसुद्धा हातमोजे न घालणारा तो... पण हे काय चाललंय, आपण माऊसचा पंचनामा करायला बसलो की काय, असं त्याचं त्यालाच वाटलं आणि थोडी लाजही वाटली. पण कोत्काच्या बंदरावर कस्टममध्ये उभी हयात काढलेल्या माणसाचे हात आपोआपच अशी चाचपणी करतात. ट्रकवाला म्हणाला की आत बटाटे आहेत, तर आधी टायर किती दबलाय ते पाहायचं, बटाटे नंतर.

शनिवारची रीत ठरलेली होती. एकाने खाली सौनाच्या वाफखोलीत बसायचं, दुसऱ्याने वर बैठकीच्या खोलीत कॉम्प्युटरवरच्या युद्धखेळातली आपली खेळी करायची. कॉम्प्युटर एकच, खेळणारे दोघे, तेव्हा एकाचा नकाशा दुसऱ्याला दिसू नये म्हणून कुणीतरी उठून जायलाच हवं. आणि जायचंच असेल तर लाकडी बाकावर अंग शेकत बसण्याइतकं चांगलं काय? खेळी संपली की बटण दाबायचं, पडदा काळा करायचा आणि जिन्यातून हाक मारायची. मग ओल्या केसांचा एक वर, कोरड्या केसांचा एक खाली. आजही जिन्यात वेसा अंग चोरून बाजूला झाला आणि खांद्यावरचा टॉवेल सावरत म्हणाला, "काय सेनापती, अजून नदीकाठी मासेच धरत बसणार का? तोफांना गंज चढेल रे." पण म्हणताना त्याने वर पाहिलं नाही. नेहमी पाहतो. हसायला लावल्याशिवाय पुढे जात नाही तो.

मासे धरतोय म्हणे. तार्मोची लाल फौज पानगळीपासून दक्षिणेकडे सरकत होती. मधली सगळी छोटी राज्यं गिळून झाली होती, आता पटावर उरले दोघंच, लाल आणि निळा. नदीअलीकडची वेसाची दोन शहरं तर तोफ न उडवताच हातात आली होती, आणि तिथेच तार्मोच्या मनात पाल चुकचुकली. असं शहर कुणी फुकट देतं का? रिकामी तटबंदी म्हणजे आमिष. पुढच्या जंगलाच्या अंधारात, जिथवर लाल टेहळ्यांची नजर पोचत नाही, तिथे निळं घोडदळ दबा धरून बसलेलं असणार, आणि आपण पूल ओलांडला की मागून पूल तोडणार... शहाण्या माणसाने अशा वेळी थांबावं. तो थांबला. दर शनिवारी एक खंदक, दर शनिवारी एक बुरूज. पलीकडे धुक्यात होती वेसाची राजधानी, मुस्ती. वेसा आपल्या शहरांना आजवर पाळलेल्या कुत्र्यांची नावं देतो, आणि मुस्ती हा त्यातला पहिला, काळा, लंगडा. तार्मोच्या शहरांची नावं म्हणजे नुसती उत्तर एक, उत्तर दोन. त्यावरून वेसाने वर्षानुवर्षं टिंगल केली होती.

त्याने माऊस हलवला. पडदा काळा नव्हता.

पडद्यावर निळा नकाशा होता. वेसा बटण दाबायला विसरला होता. इतक्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं, त्यामुळे काय करायचं याचा नियमही नव्हता. नजर वळवून जिन्यातून हाक मारायची, "अरे, तुझं दुकान उघडं राहिलंय," एवढंच करायला हवं होतं. हाक मारली असती तर... पण विसरला हे तरी कशावरून? मुद्दाम ठेवलं असेल. मी पाहावं म्हणून खोटंच काहीतरी मांडून ठेवलं असेल. आणि मुद्दाम ठेवलेलं पाहण्यात लबाडी कसली?

त्याने पाहिलं. आधी चोरट्यासारखं, मग सावकाश, गाडीच्या तळाशी बॅटरी धरून पाहावं तसं. जंगलात कुणी नव्हतं. पुलापाशी कुणी नव्हतं. मुस्तीच्या आत एक म्हातारी पलटण, भालेवाल्यांची, खेळाच्या सुरुवातीला फुकट मिळते ती. या खेळात ज्या तुकडीला काहीच हुकूम मिळत नाही तिच्यावर एक छोटा तंबू उभा राहतो, आणि तशीच आणखी एक खेळी गेली की तंबूवर रेघ चढते. निळ्या मुलखात सगळीकडे तंबूच होते, आणि प्रत्येक तंबूवर रेघांचा चिखल. जहाजं बंदरात, शेतकरी बांधावर, कारागीर रिकामे. कित्येक शनिवार झाले, वेसाने कुणालाही बोटभर हलवलं नव्हतं.

म्हणजे मी कुणापासून जपत होतो? कुणासाठी खणले ते खंदक?

आधी राग आला तो या मूर्खपणाचा, स्वतःचाच. मग त्याच्या खालून दुसरं वर आलं, जास्त गार. खेळी करायची नाही तर हा माणूस अर्धा तास करतो काय? मी खाली घामाघूम होऊन बसतो, प्रामाणिकपणे, तापल्या दगडांवर पाणी टाकत, हाक येईपर्यंत. वर तो. आणि स्वयंपाकघरात सिर्का.

बायकोचं नाव मनात आलं आणि सगळं पटापट ओळीने उभं राहिलं, जणू कुणीतरी आधीच लावून ठेवलं होतं. शनिवारी ती केस सोडते... ते काय, ती नेहमीच सोडते. नाही, नेहमी नाही. मागे एकदा वेसा जाता जाता बूट चढवत म्हणाला होता, "गुडघा जप गं, जिना कमी कर," आणि ती म्हणाली होती, "हो हो." कुठला गुडघा? तिचा गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं. तेव्हा मी गप्प बसलो, नवऱ्याला माहीत नाही हे परक्यापुढे कशाला दाखवा. परका! शाळेपासूनचा मित्र, आपल्या लग्नात ज्याने अंगठी हरवली आणि केकमध्ये शोधली, तो परका? मग कोण आहे तो? खाली बसल्या बसल्या भिंतीतल्या नळातून वरच्या स्वयंपाकघराचं पाणी वाहिल्याचा आवाज कधी येतो, कधी येत नाही. येत नाही तेव्हा वर काय असतं?

आता नुसतं बटण दाबायचं होतं. निळ्याचा डाव संपवायचा, लाल उघडायचा, तोफा पुलावरून न्यायच्या, आणि मुस्ती याच खेळीत पडली असती. युद्ध खलास. वेसा वर आला की त्याच्यापुढे जिंकलेला पडदा धरायचा, आणि त्याचा चेहरा नीट पाहायचा. बोट बटणावर गेलंही. पण मग पुढच्या शनिवारी तो यायचा कशाला? मग ते दोघं दुसरीकडे कुठे भेटतील, जिथल्या भिंतीतला नळ मला ऐकू येणार नाही. असू दे इथेच, डोळ्यांसमोर. हा विचार आपलाच आहे हे त्याला जरा उशिरा कळलं, आणि तो आवडला नाही.

सिर्का भाजलेल्या सॉसेजची बशी घेऊन आली. बशी ठेवताना तिची नजर पडद्यावर गेली, तिथला निळा रंग तिने पाहिला, आणि ती थांबली. ती कधीच हा खेळ खेळलेली नव्हती, तरी निळा कुणाचा ते तिला ठाऊक असावं.

"वेसा खेळतच नाही," तार्मो म्हणाला. आवाज त्याने साधा ठेवला होता, कागदपत्रं मागताना ठेवतो तसा.

"हो. बरेच दिवस झाले."

त्याने नाकबुलीची तयारी केली होती. हे उत्तर कुठे ठेवायचं ते त्याला कळेना.

"मग करतो काय इतका वेळ?"

"माझ्याजवळ बसतो, आत. बोलतो."

"कशाबद्दल?"

"तुझ्याबद्दल. दुसरं काय आहे आमच्यात बोलायला?" तिने हात ॲप्रनला पुसले, पुसून झाल्यावरही पुसत राहिली. "मीच बसवलं त्याला. म्हटलं, तू शाळेपासून ओळखतोस, सांग बाबा, हा माणूस दिवसभर डोक्यात काय घेऊन बसतो. मला विचारायची सोय नाही. मी साधं जेवायचं विचारलं तरी आधी तू पाहतोस, ही का विचारतेय."

"मग काय सांगितलं त्याने?"

"म्हणाला, त्यालाही माहीत नाही. त्याला वाटायचं, बायकोला तरी माहीत असेल."

बाहेर कुणाच्या तरी अंगणात बर्फ ओढायचं फावडं खरवडत होतं. ते थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"आज त्याला सांगितलं," सिर्का म्हणाली, "की मार्चमध्ये मी ओउलूला जाणार, बहिणीकडे. किती दिवस ते ठरवलं नाहीये. तो म्हणाला, हे आधी तार्मोला सांग, मला कशाला सांगतेस. चिडला माझ्यावर. तसाच उठून गेला, म्हणून हे राहिलं असेल दाबायचं."

तार्मोने तिचं वाक्य हातात घेतलं आणि तपासलं. सवयच ती. सगळ्या बाजूंनी दाबून पाहिलं, तळ ठोकून पाहिला, पोकळ कुठे वाजत नव्हतं. बहीण खरी, मार्च खरा, वेसाचं चिडणं तर शंभर टक्के खरं, तो असाच चिडतो, दुसऱ्याच्या बाजूने. वाहन सोडून द्यायचं, शिक्का मारायचा आणि पुढचं बोलवायचं. पण पुढचं कुणी नव्हतं. ती समोर उभी होती आणि वाट पाहत होती, आणि त्याच्या एकदम लक्षात आलं की अशी ती आजच उभी नाहीये.

काहीतरी विचारायला हवं होतं. साधं काहीतरी. त्याने शोधलं... कुठून, कधीपासून, बरोबर कोण, कुणी सांगितलं... तोंडाशी आलेला प्रत्येक प्रश्न कस्टमच्या फाटकावरचाच होता. दुसरे प्रश्न माणसं कुठून आणतात? वेसाला येतात ते. तिचं काय दुखतं हे विचारायला त्याला अर्धा तासही लागला नसेल.

"सॉसेज गार होईल," ती म्हणाली, पण गेली नाही.

खालून वेसाची हाक आली, "झालं का रे?" तार्मोला भीती वाटली. फसवलं जाण्याची भीती त्याच्या चांगली ओळखीची होती, तिच्याबरोबर तो जन्मभर राहिला होता आणि तिच्याशी कसं वागायचं ते त्याला येत होतं. या नव्या भीतीशी कसं वागायचं ते येत नव्हतं. त्याला कुणीच फसवत नव्हतं, कधी फसवलंही नसेल, आणि तरीही ती जाणार होती.