काटा स्थिर होईपर्यंत

बाजारात त्यांना सगळे काटेसाहेब म्हणत. आडनावाशी त्याचा काही संबंध नव्हता. दुकानादुकानांत जाऊन वजनकाटे तपासायचे आणि मापात पाप सापडलं की दंड लावायचा, ही त्यांची नोकरी. तेवीस वर्षं तेच करून स्वभावही टोचरा झाला होता. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की फळवाली बोलता बोलता गप्प व्हायची आणि किराणावाला उगाचच पारडं पुसायला घ्यायचा. आपण आलो की कुणालाच बरं वाटत नाही, याचीही म्हणे माणसाला सवय होते. काटेसाहेबांना झाली नव्हती. पण ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला माहीत होती.

त्यांच्या ताईचं अगदी उलट. दर शनिवारी चार वाजता तिच्या गॅरेजमध्ये मैफल भरायची. ताई मँडोलिन वाजवायची, दाताचे डॉक्टर बँजो, बस चालवणाऱ्या एक बाई गिटार आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ फिडल, म्हणजे व्हायोलिनच. वाजवायचे ब्लूग्रास. हे अमेरिकी लोकसंगीत म्हणजे नुसत्या तारांची पळापळ, त्यात ढोल नाही की ताशा नाही. ठोका धरायचा तो माणसाहून उंच, उभ्या डबल बासने. बास पहिला आणि तिसरा ठोका देतो, मँडोलिन दुसरा आणि चौथा, आणि बाकीचे त्या दोघांच्या भरवशावर धावतात. बास वाजवणारा सुतार मुलीकडे राहायला गेला. तिच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये बास मावेना, म्हणून बास मागेच राहिला आणि वाजवणाऱ्याची जागा रिकामी झाली.

"मी शिकतो," काटेसाहेब एका जेवणात म्हणाले. ताईने घास खाली ठेवला.

"तू? तुला टाळ्या वाजवतानासुद्धा शेजारच्याकडे बघावं लागतं."

"तीन महिने दे."

"दिले. इंटरनेटवर एक चांगल्या बाई शिकवतात, त्यांचा पत्ता देते. तीन महिन्यांनी वाजवून दाखव. जमलं तर जागा तुझी, नाही तर मी दुसरं कुणीतरी बघणार. भाऊ म्हणून सूट नाही मिळायची, आधीच सांगते."

काटेसाहेबांना ती जागा हवी होती. संगीताची आवड वगैरे नंतरची गोष्ट. आठवड्यातून एकदा, एका दारातून आपण आत यावं आणि चार माणसांनी "आला का!" म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण हे ते बायकोलाही बोलले नव्हते. तिने ओळखलं होतं.

बास मागच्या खोलीत आला. त्याची मान पंख्याला लागायची, म्हणून पंखा बंद. कपाट उघडायचं तर बायकोला पोट आत घ्यावं लागे. बासच्या बुडाचं लोखंडी टोक फरशीवर घसरू नये म्हणून त्याच्याखाली एक जुनी रबरी चप्पल ठेवली होती. इस्त्रीच्या टेबलावर फोन उभा केला की झाली शाळा सुरू.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या, पांढरी वेणी घालणाऱ्या. रीत अशी होती की आधी त्यांचा धडा बघायचा, मग आपण वाजवतानाचा व्हिडिओ पाठवायचा आणि चार-पाच दिवसांनी त्या उत्तराचा व्हिडिओ पाठवायच्या. सगळ्यांचे व्हिडिओ आणि सगळ्यांची उत्तरं सगळ्यांना बघायला मोकळी.

पहिलं उत्तर आलं. "हात छान बसलाय," बाई म्हणाल्या, "सूरही बरा आहे. फक्त तुम्ही वाट बघताय. ठोका द्यायचा तो तुम्ही. माझा ऐकू येईपर्यंत थांबू नका."

काटेसाहेबांनी बोटाला चिकटपट्टी गुंडाळली आणि दोन आठवडे घासलं. दुसरं उत्तर: "सूर आणखी चांगला. अजून वाट बघताय." तिसरं उत्तर: "वाट बघताय."

तेव्हा त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आपण तर बाईंच्या बरोबरीनेच वाजवतो, निदान कानाला तरी तसंच वाटतं. मग ही बाई आपले व्हिडिओ बघते तरी का? की एकच वाक्य करून ठेवलंय आणि आल्यागेल्याच्या पुड्यात तेच बांधून देते?

संशय आला की नुसते बसून राहणारे ते नव्हते. त्यांनी वही घेतली, रेघा मारल्या आणि चार संध्याकाळी खर्चून चाळीस विद्यार्थ्यांची उत्तरं तपासली. चाळीसपैकी अकरा जणांना बाईंनी हेच सांगितलं होतं: वाट बघू नका.

"अकरा!" ते स्वयंपाकघरात येऊन म्हणाले. "सरसकट एकच माप. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच."

"उरलेल्या एकोणतीस जणांना काय सांगितलं?" बायकोने विचारलं.

"तो मुद्दा नाही."

"बरं," बायको म्हणाली आणि कणीक मळत राहिली. तेवीस वर्षांत तिलाही कुठे थांबायचं ते कळलं होतं.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. काटेसाहेबांनी फोन इस्त्रीच्या टेबलावर ठेवून तिला थोडं वाजवून दाखवलं. ताईने पलीकडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं वाजवतोस रे. पण वाट काय बघत बसतोस?"

झालं! शब्दसुद्धा तेच. दोन वेगवेगळ्या दुकानांत एकच खोट निघाली तर पुरवठा एकाच ठिकाणाहून होतोय, हे नोकरीतलं पहिलं शहाणपण. बाईंचा पत्ता दिला कुणी? ताईनेच. म्हणजे पाणी इथे मुरतंय. ताईला आपण नकोच आहोत आणि भावाला तोंडावर नाही म्हणवत नाही. म्हणून या बाईशी गाठ घालून दिली. तीन महिने तिने वाट बघताय, वाट बघताय म्हणायचं आणि शेवटी ताईने मान हलवायची: बघ, बाईसुद्धा म्हणाल्याच होत्या. दोघी एकच गोष्ट सांगताहेत म्हणजे ती खरी असेल, हा साधा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नाही. तेवीस वर्षं खोटं वजन शोधणाऱ्याच्या डोक्यात तो कसा येणार?

बाजारात जाताना ताईच्या गॅरेजसमोर त्यांनी औषधाच्या दुकानातल्या बाईंना फाटकातून बाहेर पडताना पाहिलं. त्या चेलो, म्हणजे बासचंच धाकटं भावंड, वाजवतात असं कुणीतरी कधीतरी म्हणालं होतं; म्हणजे जागेसाठी माणूसही ठरलेलं. काटेसाहेबांनी त्याच दुपारी त्यांच्या दुकानातला काटा तपासला. काटा चोख निघाला, त्यामुळे त्यांचा संशय आणखीनच वाढला.

शेवटी त्यांनी ठरवलं, बाईंची परीक्षा घ्यायची. काटा खरा की खोटा हे कळायला त्याच्यावर प्रमाणित वजन ठेवतात. सरकारी शिक्क्याचं पितळी वजन, एक किलो म्हणजे एक किलो. काट्याने नऊशे नव्वद दाखवलं तर चूक काट्याची, वजनाची नाही. वजन ठेवायचं, काटा हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून बघायचं आणि मगच आकडा लिहायचा. आधी लिहिलं की फसलं. आता बाईंच्या काट्यावर ठेवायला बाईंहून प्रमाणित वजन कोणतं?

त्यांनी बाराव्या धड्यातलं बाईंचं स्वतःचं वाजवणं छोट्या स्पीकरवर घेतलं, स्पीकर मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपवला आणि टोपली बासच्या मागे ढकलली. स्वतःच्या बासच्या तारांखाली फडकं कोंबलं, म्हणजे आवाज येणार नाही. मग फोन चालू केला आणि टोपलीतल्या आवाजाबरोबर नुसते हात चालवले. धडा त्यांना तोंडपाठ होता. आता बाई "वाट बघताय" म्हणाल्या की स्वतःच्याच वाजवण्यात खोट काढून रंगेहाथ सापडणार.

"हे तुम्ही पास व्हायला करताय की त्यांना नापास करायला?" दारात उभ्या राहून बायकोने विचारलं.

"तू मध्ये बोलू नकोस, आवाज येतो त्यात."

व्हिडिओ गेला. पाच दिवस काटेसाहेब फोन खिशातून काढायचे आणि परत ठेवायचे. बाईंना लिहायचं पत्रही तयार होतं, फक्त तारीख घालायची बाकी होती. सहाव्या दिवशी उत्तर आलं.

बाई नेहमीसारख्याच बसल्या होत्या. "आवाज माझा आहे," त्या म्हणाल्या. "बारावा धडा. माझ्या जाड तारेची कुरकुर मला झोपेतसुद्धा ओळखू येईल. वीस वर्षं शिकवतेय, असं आजवर कुणी केलं नव्हतं. मी रागावले नाही. उलट एक गोष्ट दाखवते. आता तुम्ही माझा आवाज बाजूला ठेवा आणि फक्त तुमचा हात बघा."

त्यांनी काटेसाहेबांचा व्हिडिओ संथ करून लावला. आधी ठोका पडला, मग बोट तारेवरून सुटलं. पुन्हा आधी ठोका, मग बोट. दर वेळी.

"व्हिडिओवरून शिकणारे बरेच जण अडखळतात, कारण पुढे काय येणार ते त्यांना ठाऊक नसतं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सगळं पाठ होतं. आवाजही अचूक होता, त्यात चुकायला जागाच नव्हती. तरी तुम्ही प्रत्येक ठोका ऐकलात, बरोबर आहे याची खात्री केलीत आणि मग हात हलवलात. तुम्ही काम काय करता हो? आता आठ दिवस माझा एकही व्हिडिओ लावू नका. फोन कपाटात ठेवा. मोठ्याने मोजा आणि वाजवा."

काटेसाहेबांनी ते चार वेळा बघितलं. पडताळून बघितल्याशिवाय त्यांना राहवेना, म्हणून आपला मूळ व्हिडिओ काढून त्याचा एक एक क्षण थांबवून पाहिला. खरंच होतं. बोट उशिरा येत होतं. ते पलंगावर बसले. चाळीस विद्यार्थ्यांना आपली चोरी दिसली याची लाज वाटलीच; पण जास्त लागलं ते दुसरंच. ताई खरं बोलली होती आणि त्यांनी तिला खोट्यात काढलं होतं. मनातल्या मनात का होईना, पण पुराव्यासकट.

लिहून ठेवलेलं पत्र त्यांनी फाडलं. आठ दिवस फोन कपाटात राहिला आणि मागच्या खोलीतून "एक, दोन, तीन, चार" ऐकू येत राहिलं. आपलं चुकतंय की बरोबर येतंय हे सांगणारं खोलीत कुणी नव्हतं. त्यांना ते आठही दिवस भयंकर गेले.

तीन महिने भरले त्या शनिवारी चार वाजता बास गॅरेजमध्ये आला. बस चालवणाऱ्या बाईंनी तो आत घ्यायला हात दिला. डॉक्टरांनी बँजोच्या खुंट्या पिळल्या. काटेसाहेबांनी सगळ्यांचे चेहरे एकदा बघून घेतले. चेहऱ्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

पहिलं गाणं बरं गेलं. मध्ये एकदा त्यांचा हात ताईच्या मँडोलिनसाठी घुटमळला, पण त्यांनी तोंडातल्या तोंडात मोजून तो पुढे काढला. दुसरं गाणं वेगाचं होतं. फिडल सुटलं, बँजो सुटला, काटेसाहेबांचं बोट जळायला लागलं, आणि अचानक, गाण्याच्या ऐन मध्यावर, चौघांनी हात उचलले. फिडल गप्प, बँजो गप्प, मँडोलिनही गप्प.

काटेसाहेबही थांबले. त्यांनी तारा तळव्याने दाबल्या.

"थांबलास का?" ताईने विचारलं.

"तुम्ही थांबलात म्हणून. काय चुकलं माझं? स्पष्ट सांग, मला कळू दे."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, सांगायचं राहूनच गेलं! या गाण्यात इथे आम्ही सगळे थांबतो. आठ ठोके बास एकटाच चालतो आणि मग आम्ही परत येतो."

"गेल्या वेळी इथे कुणी थांबलं नव्हतं," काटेसाहेब म्हणाले. "मागे मी ऐकायला आलो होतो तेव्हा. मला आठवतंय."

"तेव्हा बास कुठे होता?" ताई म्हणाली. "तीन महिने आम्ही इथे थांबलोच नाही. थांबणार कुणाच्या जिवावर? आज हात आपोआप थांबले. तू होतास ना."

 जन्मात पहिल्यांदा चार माणसांनी न विचारता, न तपासता काटेसाहेबांवर भार टाकला होता, आणि त्याच क्षणी ते खात्री करायला थांबले होते. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं, म्हणून त्यांनी खाली वाकून बासचं टोक नीट केलं, जे मुळात नीटच होतं.

"पुन्हा घ्या," ते म्हणाले.

गाणं पुन्हा सुरू झालं. तीच धाव, तेच बोटाचं जळणं, आणि तीच जागा आली. चौघांचे हात वर गेले. गॅरेजमध्ये एकट्या बासचा आवाज उरला, जाड, थोडा खरखरीत, आणि त्याला जुळवून बघायला शेजारी काहीही नव्हतं. आपण वेगात आहोत की मागे पडतोय, काही कळायला मार्ग नाही. मान वर करून ताईचा चेहरा बघावासा त्यांना फार वाटलं. त्यांनी बघितलं नाही. सहावा ठोका दिला, सातवा दिला, आठवा दिला, आणि पुढच्याच ठोक्याला चारही वाद्यं एकदम येऊन त्यांच्या आवाजावर बसली, जराही इकडेतिकडे नाही.

गाणं संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोस्टातल्या गृहस्थांनी चष्मा पुसला, बस चालवणाऱ्या बाई पाणी प्यायल्या. "मग, जागा माझी ना?" हा प्रश्न काटेसाहेबांच्या अगदी ओठांवर आला होता.

"पुढचं, डीच्या पट्टीत," ताई म्हणाली आणि पायाने मोजायला लागली. पहिला ठोका बासचा होता. काटेसाहेबांनी तो दिला.