काढून टाकलेला सभासद

काउंटरच्या काचेला केसाएवढा तडा, त्याच्या टोकाशी चिकटपट्टीचा पिवळा तुकडा — तिथे, बरोबर तिथेच त्याचं कपाळ आपटलं तर...

"बोला ताई, काय देऊ?"

हाच तो. औषधवाला. गुलाब लावणाऱ्या अकराशे माणसांचा ऑनलाइन गट ती सहा वर्षं सांभाळत होती. कलमं, कीड, खत, यावरून माणसं भांडून भांडून भांडणार किती, असं तिला वाटायचं. मग पानांवरच्या काळ्या डागांच्या वादात याने एका शिक्षकाला लिहिलं, 'तुझ्या आईला कुंडीत पुरीन.' तिने ते पुसलं, याला काढून टाकलं. तेव्हापासून रोज नव्या नावाने तिलाच मेसेज. आधी शिव्या. मग तिच्या फाटकाचा फोटो. आज सकाळी — 'सासरे काठी डाव्या हातात धरतात. या वयात हाड जुळत नाही.'

"पोलिसांत जाऊ या," ती नवऱ्याला म्हणाली होती.

"गुलाबांवरून?" तो हसला. "सोड ना तो गट. पगार देतं का कुणी?"

आणि हातातला गरम कप त्याच्या हसऱ्या तोंडावर रिकामा करावा असं तिच्या मनात आलं — मी, जी झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडते...

याने गटावर टाकलेल्या एका जुन्या फोटोत गुलाबामागे दुकानाची पाटी होती. त्या पाटीचाच माग काढत ती इथे आली होती. चार लोकांसमोर याची अब्रू काढायला.

"ताई, घामाने डबडबलात की. बसा. पाणी देतो."

त्याने स्टूल पुढे सरकवलं. आवाज मऊ, मनगटांवर काट्यांचे ओरखडे, थेट तिच्यासारखे. ओळखलं होतं का याने? डोळ्यांत तर काहीच नव्हतं. तिने ग्लास रिकामा करून काउंटरवर ठेवला.

"मलम द्या," ती म्हणाली. "ओरखड्यांवरचं."

रस्ता ओलांडून ती समोरच्या फुटपाथवर उभी राहिली. त्याने खिशातून फोन काढला, अंगठा हलला, आणि तिच्या पर्समध्ये फोन थरथरला.

'घाबरलीस?'

नाही. हेच तर विचित्र होतं — भीती कुठे गेली होती कोण जाणे. मनातल्या मनात ती त्याला केसांना धरून फरफटत नेत होती, सावकाश, त्याचं नाक फुटल्याचा आवाज ऐकत, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला कडकडून भूक लागली होती. त्याने फोन ठेवला. एक गिऱ्हाईक आलं, दुसरं आलं. दहा मिनिटं झाली. तिचा फोन गप्प.

"लिही ना," ती पुटपुटली. "लिही..."