हॉल तिकिटावरची पोरगी

चूक माझीच होती, आधीच सांगते. उगाच स्टुडिओवाल्या नईमभाईंना नावं ठेवू नका.

माझ्या डाव्या गालावर जन्मापासून जांभळा डाग आहे, डोळ्याखालून थेट हनुवटीपर्यंत. शिरपुरात एप्रिल लागला की बठ्ठ्या, म्हणजे सगळ्याच पोरी उन्हापायी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, नुसते डोळे उघडे. म्हणून मला उन्हाळा फार आवडतो. पंचेचाळीस डिग्रीत खूश असणारी मी तालुक्यात एकटीच असेन.

नर्सिंगच्या सीईटीचा फॉर्म भरायचा होता. स्टुडिओत फोटो काढून झाल्यावर मी नईमभाईंच्या मागे लागले, "भाई, कॉम्प्युटरवर तेवढा डाग पुसा ना."

"कशाला संघमित्रा? चांगला आलाय," ते दोनदा म्हणाले. पण मी हट्टालाच पेटले, तेव्हा त्यांनी पुसला. काय गाल आला होता, अहाहा! आठवडाभर मी तोच फोटो बघत होते.

परीक्षेच्या दिवशी पप्पांनी पहाटेच गाडी काढून मला धुळ्याला सेंटरवर आणलं. गेटवर स्कार्फ सोडायला लावला. तपासणीच्या मॅडमनी हॉल तिकीट पाहिलं, मला पाहिलं, परत हॉल तिकीट पाहिलं.

"ही कोण?"

"मीच."

"हिच्या गालावर तर काही नाही."

आधार कार्ड दाखवलं. त्यावर माझं सगळं तोंडच काळंकुट्ट छापलेलं, डाग शोधणार कुठे! मॅडमचा आवाज चढला. "दुसरीच्या नावावर पेपर द्यायला आलीस? पोलिसांना बोलवू?"

पालकांना अडवलेल्या दोरीपलीकडून पप्पा आमच्या अहिराणीत ओरडले, "ओ मॅडम, मनी पोर शे ती! बठ्ठं गाव वळखस तिले!"

"तुमची पोर असेल, गाव ओळखत असेल. पण गावाचं नको, कागदाचं बोला."

पावणेनऊला गेट बंद होणार होतं. वीस मिनिटं उरली होती. मागच्या पोरी माना उंचावून बघत होत्या. तेवढ्यात हॉल तिकिटावरच्या त्या गोऱ्यागोमट्या पोरीकडे लक्ष गेलं आणि डोकंच सणकलं. दोन वर्षं पहाटे चारला उठून अभ्यास मी केला, आणि आत जाणार ही?

"मॅडम, तो डाग मीच पुसायला लावला," मी मोठ्यांदा म्हणाले. "लाज वाटायची म्हणून. तोंड खरं आहे माझं, फोटो खोटा आहे."

सगळ्या रांगेने ऐकलं. ऐकू दे, म्हटलं.

"पुरावा काय?"

"पप्पा, नईमभाईंना फोन लावा! पहिला फोटो मागा!"

भल्या माणसाने तो जपून ठेवला होता. पाच मिनिटांत पप्पांच्या मोबाइलवर आला. तोच शर्ट, तीच कॉलर, तेच हसू, आणि डागासकट गाल. मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले.

"अगं, हा तर चांगलाय. हाच का नाही लावलास?"

"अक्कल गहाण पडली होती, मॅडम."

मॅडमला हसू आलं. तरी हमीपत्र लिहून घेतलंच, आणि नवा फोटो काढायला मला आत कॉम्प्युटरपाशी पाठवलं. तिथल्या भाऊने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "ताई, जरा डावीकडे वळून बसा. कमी दिसेल."

बिचारा चांगल्या मनाने सांगत होता. पण मी हललेच नाही.

"नको भाऊ. समोरूनच घ्या. आणि नीट दिसू द्या."

स्क्रीनवर मी आले. घामाघूम, केस पिंजारलेले, गाल जांभळाच्या जांभळा. मी बघतच राहिले.

"चालेल?" भाऊने विचारलं.

"हीच ती," मी म्हणाले. "हिलाच पेपर द्या."