फाटकापाशी विसरलेली खुर्ची

मित्रांनो, नवं घर बघायला गेलेली माणसं नळ सोडून बघतात, भिंतींवर टिचक्या मारतात, खिडक्या उघडझाप करतात. मला मात्र कुणी आत नेत नसे. मी फाटकाबाहेर असायची आणि माझ्यावर इंदुमतीबाई बसलेल्या असायच्या. मी त्यांची जुनी, लोखंडी, घडीची खुर्ची.

माझा जन्म इंदूरचाच. एका लोहारानं नळी वाकवून माझा सांगाडा केला आणि पांढऱ्या नवारीच्या पट्ट्या विणून मला बसण्याजोगी केली. इंदुमतीबाईंचे यजमान मारुतीराव पारखी तेव्हा मिलमध्ये कारकून होते. त्यांनी मला सायकलला बांधून घरी आणलं. कुणाच्या लग्नकार्यात मी हरवू नये म्हणून माझ्या पाठीच्या पत्र्यावर लाल रंगानं लिहिलं, 'पारखी, बडा गणपती'.

बडा गणपती भागातलं पारख्यांचं घर भाड्याचं होतं, अगदी रस्त्याला लागून. दारापुढे ओटला, म्हणजे बसायचा ओटा होता. रोज सकाळी मी ओटल्यावर यायची. मारुतीराव माझ्यावर बसून पेपर वाचायचे, आणि ते वारल्यावर इंदुमतीबाई बसू लागल्या. समोरचा पोहेवाला, हारवाली, देवळात निघालेल्या बायका, सगळे थांबून दोन शब्द बोलायचे. गल्लीत बारसं असो की साखरपुडा, "पारख्यांची खुर्ची आणा, मजबूत आहे" असं कुणीतरी म्हणायचंच. ते ऐकून माझी पाठ आणखी ताठ व्हायची.

मग घरात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. हलक्या, रंगीत, एकीच्या मांडीत एक बसणाऱ्या. मी जिन्याखाली गेले आणि माझ्यावर गोधड्यांचं गाठोडं आलं. किती वर्षं तशी गेली कोण जाणे. ओटल्यावरचं बोलणं मला ऐकू यायचं, पण दिसायचं काहीच नाही.

मी पुन्हा उजेडात आले ती सुजयच्या झोपेमुळे.

सुजय म्हणजे इंदुमतीबाईंचा मुलगा. सांवेर रोडच्या एका कारखान्यात तो रात्रपाळीला असतो. तो सकाळी घरी येऊन आडवा व्हायचा, आणि नेमका तेव्हाच रस्ता जागा व्हायचा. हॉर्न, भोंगे, मिरवणुकांचे ढोल. बिचारा कानात कापूस घालून डोक्यावर उशी दाबून पडायचा. एकदा कामावरून परतताना स्कूटरवरच त्याचा डोळा लागला आणि तो रस्त्यावर आपटला. खांदा सोलवटून निघाला. मागून येणारा ट्रक वेळेवर थांबला म्हणून वाचला.

त्या दिवशी त्याची बायको अमिता म्हणाली, "आता पुरे. शहराबाहेर कुठंतरी शांत जागी घर घेऊ."

"घेऊ," सुजय म्हणाला, "पण आई हो म्हणाली तरच."

इंदुमतीबाईंना मुलाचा खांदा दिसत नव्हता असं नाही. त्या रोज त्यावर हळद लावत होत्या. पण ज्या शांततेसाठी मुलगा तळमळत होता, तिचीच त्यांना धास्ती वाटत होती. "तुम्ही दोघं कामावर जाल. मी दिवसभर भिंतीशी बोलू का रे?" त्या म्हणायच्या.

घरं बघायला जाताना त्यांना गुडघ्यामुळे उभं राहवत नसे, म्हणून गाडीच्या डिकीत मावेल अशी मी बरोबर आले. त्यांची रीत ठरलेली होती. "आतून सगळी घरं सारखीच. मी बाहेर बसून बघते, कोण येतं, कोण बोलतं ते."

पहिल्याच कॉलनीत चौकीदार धावत आला. "माताजी, गेट पे बैठना मना है."

"मग काय गेटवर चढून बसू?" इंदुमतीबाई म्हणाल्या, आणि ते घर तिथंच रद्द झालं.

मग आली रंगपंचमी. बाहेरच्या मित्रांना सांगते, त्या दिवशी आमच्या इंदूरला सुट्टी असते आणि सगळं शहर राजवाड्याकडे गेर बघायला लोटतं. रंग उडवत निघालेली ती मोठी मिरवणूक. गर्दीतून निसटायचं म्हणून सुजयनं नेमका तोच दिवस घर बघायला निवडला. राजेंद्र नगरच्याही पुढे एक लहानशी कॉलनी होती. दलाल मनीष आदल्या दिवशीच किल्ली देऊन गेला होता. "भिया, वहाँ इतनी शांति है कि कान बजने लगेंगे," असं सांगून.

खरोखरच कान वाजू लागले. करंजाच्या सावलीत मला मांडलं, इंदुमतीबाई बसल्या, आणि तासभर त्या गल्लीतून एक कुत्रं सोडून कुणी गेलं नाही. सुजय मात्र हरखून बाहेर आला. "आई, ऐकलंस? काहीच ऐकू येत नाही!"

"तेच ऐकतेय. इथं मी पडले तर या कुत्र्यालाच कळेल. मला नको हे घर."

सुजयनं घराला कुलूप लावलं. त्याचे डोळे लाल होते, रंगाशिवायच. अमितानं सासूबाईंचा हात धरून त्यांना गाडीत बसवलं. गाडी गेली, आणि मी फाटकापाशी तशीच राहिले. मला विसरले होते, मित्रांनो. जिन्याखाली असताना निदान घरात तरी होते.

पण संध्याकाळी नवल घडलं. गल्लीत माणसं येऊ लागली. हिरवी, गुलाबी, जांभळी, नखशिखांत रंगलेली, दमलेली, हसणारी. सगळीच्या सगळी गेरला गेली होती! शेजारची सोनल माझ्यासमोर थांबली. "अरे, ये किसकी कुर्सी है?"

"बघू बघू," म्हणत अप्पासाहेब आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा पार गुलाबी झालेल्या. त्यांनी माझी पाठ वाचली आणि ऐटीत माझ्यावर बसले. कर्रकन माझी पट्टी तुटली.

"लो! पराई कुर्सी तोड़ दी अप्पाजी ने!" सोनल पोट धरून हसली.

"अगं, आधीच कुजली होती ती! पण तोडली मी, तर दुरुस्तही मीच करणार."

त्यांच्याकडे निळीच नवार होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती माझ्यात ओवली, माझे गंज चढलेले सांधे तेल घालून मोकळे केले. मग मी रोज संध्याकाळी गल्लीत मांडली जाऊ लागले. आणि दुपारी? दुपारी ती गल्ली अगदी रंगपंचमीसारखीच गप्प असायची. पण आता कारण मला दिसत होतं. त्या ओळीत रात्रपाळीचे बरेच लोक राहत होते. म्हणून भाजीवाला तिथं ओरडत नसे, फाटकाची कडी हलकेच वाजवी. मुलं ऊन उतरल्यावरच खेळायला येत. ही शांतता माणसांनी मिळून सांभाळलेली होती. माझ्या मनात सारखं येई, हे इंदुमतीबाईंना कोण सांगणार? खुर्चीला कुठं बोलता येतं?

सोनल एकदा खरेदीला शहरात गेली आणि बडा गणपतीला पोहेवाल्याजवळ पारख्यांची चौकशी केली. त्यानं हात करून ओटलाच दाखवला, आणि खुर्ची आमच्याकडे आहे असा निरोप ती देऊन आली.

दोनच दिवसांनी सुजय कामावरून परतला तसाच आईला घेऊन आला. फक्त मला न्यायला. इंदुमतीबाई उतरतानाच म्हणाल्या, "खुर्ची घे आणि चल."

"ऐसे कैसे चल? अम्माजी, चाय पिए बिना?" सोनल हळूच म्हणाली. "उस दिन तो हम सब गेर में थे. रंगपंचमी को इंदौर में घर कौन बैठता है?"

इंदुमतीबाई जागीच थांबल्या. दरवर्षी ओटल्यावरून गेरच्या माणसांवर रंग टाकणाऱ्या त्या. "हो की गं," त्या म्हणाल्या, "मला कसं सुचलं नाही?" आणि स्वतःशीच हसल्या.

"ताई, पट्टी निळी बसली, माफ करा," अप्पासाहेब म्हणाले.

"बसली ना? मग झालं. पण तुम्ही सगळे कुजबुजता का असे?"

अप्पासाहेबांनी बंद खिडक्यांकडे बोट केलं. "झोपलेत. सांवेर रोडवाले."

इंदुमतीबाईंनी त्या खिडक्यांकडे पाहिलं. मग वळून माझ्याकडे. मला उचलायला आलेला सुजय क्षणभर माझ्यावर टेकला होता. त्याची मान एका बाजूला कलली होती, दुखरा खांदा सैल पडला होता, आणि निळ्या पट्टीवर त्याचा सगळा भार होता. तो गाढ झोपला होता. किती तरी दिवसांनी, भर दिवसा.

सोनल कपबशा घेऊन आली. इंदुमतीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. माझापण एक झोपलाय."

त्या 'पण'मध्येच घराचा निर्णय झाला हे मला कळलं. सुजयला ते जागा झाल्यावर कळलं.

आता मी त्याच फाटकाबाहेर असते, करंजाखाली. पोहेवाल्याची आठवण निघाली की इंदुमतीबाई अजून उसासा टाकतात. मग कुणीतरी येतं आणि बोलणं सुरू होतं.

मित्रांनो, तुमच्याही घरी जिन्याखाली कुणी माझ्यासारखी पडली असेल, तर तिला बाहेर काढा. तुटलेली पट्टी ओवा, रंग जुळला नाही तरी चालेल. आणि तिला दाराबाहेर ठेवा. कुणी दमलेलं तिच्यावर झोपी गेलं, तर तेवढा वेळ जरा हळू बोला.