पाठमोरा सहादू

“नाक नाही. आधी किटली,” मी म्हणालो.

“सर, किटली मला रोजच दिसती. मला मानूस काढायचाय.”

सुमनबाई आमच्या नाशिक रोडच्या शाळेत शिपाई होत्या. शहात्तर साल असेल. माझ्या चित्रकलेच्या वर्गाला कुलूप लावायला आल्या की दाराशी घुटमळायच्या. एक दिवस त्यांनी कारण सांगितलं. नवरा सहादू गवंडीकाम करायचा; चार वर्षांपूर्वी काविळीनं गेला. फोटो काढू काढू म्हणत राहूनच गेलं. सासू भिमाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि दिसतंय तोवर त्यांना लेकाचं चित्र भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी हवं होतं.

“एखाद्या पेंटरकडून का नाही करून घेत?” मी विचारलं होतं.

“ज्यानं त्यांना बघितलंच नाय, तो कसा काढील?”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या हातात पेन्सिल दिली.

पाया पक्का करण्याच्या बाबतीत मी खडूस माणूस. आठवीची पोरं असोत नाहीतर चाळिशीला टेकलेली बाई, माझ्याकडे सुरुवात रेघेपासून. दोन महिने त्यांनी नुसत्या आडव्या-उभ्या रेघा मारल्या. मग किटली. तिचं तोंड त्या गरगरीत गोल काढायच्या.

“बाकावर बसून बघा. गोल दिसतंय?”

“चपटं दिसतंय. पन हाय तर गोलच की!”

“असू द्या. दिसतं तेवढंच काढायचं. माहीत आहे ते नाही.”

बावीस वर्षं मी हे वाक्य प्रत्येक वर्गाच्या माथी मारत आलो होतो.

पुढच्या दिवाळीपर्यंत किटली जमली, तांब्या जमला. एकदा त्यांनी माझाच चेहरा असा उतरवला की शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. मी रागावलो तर म्हणाल्या, “कपाळावर आठी हायच सर, मी काय करू?”

मग सहादूची पाळी आली आणि त्यांचा हात अडला. पंधरा दिवस नुसते कागद फाटत होते. उमटायचा तो चेहरा कुणाचाही असावा असा.

“नाक कसं होतं त्यांचं? बसकं? सरळ?” मी वैतागून विचारलं.

त्या खाली बघत म्हणाल्या, “ध्यानात नाय सर. अकरा वर्सं संसार केला. पन घरात सासू-सासरे, दीर. त्यांच्यासमोर मालकाकडं मान वर करून बघायची सोय नव्हती. ते कामाला निघाले की मी मागून बघायची. बाजाराला जाताना त्यांच्या सायकलवर मागं बसायची, तेवढंच. आता लय वाटतं, एकदा तरी समोरून बघून घ्यायला पायजे होतं.”

सवयीनं तोंडातून निघून गेलं, “दिसलं तेवढंच काढा.” बोललो आणि माझाच मला राग आला.

आठवड्याभरानं त्यांनी मला घरी बोलावलं. देवळाली गावातली एक खोली. भिमाबाई दारातल्या उजेडात बसल्या होत्या, मांडीवर चित्र. सायकल चालवणारा माणूस, मागून पाहिलेला. कॅरिअरवर बसणाऱ्याला दिसेल इतक्या जवळून. डावा कान उजव्यापेक्षा जरा बाहेर आलेला. मानेवर आखूड कापलेले केस, खाली कॉलरची विरलेली कड, खांद्यावर सिमेंटचा डाग. एक रेघ उगाच मारलेली नव्हती. असं चित्र माझ्या हातून आजवर झालेलं नाही, हे मला तिथंच कळलं.

भिमाबाईंनी कागद डोळ्यांपाशी नेला. कानावर बोट ठेवलं.

“सहादूच हाय,” त्या म्हणाल्या. “ह्यो कान माज्या बापाचा.”

सुमनबाई तोंडाला पदर लावून चुलीपाशी उभ्या होत्या.

म्हातारी बराच वेळ बघत राहिली. मग कागदावर वाकून, हाक मारावी तशी हळूच म्हणाली, “बाळा, जरा मागं बघ की रे.”