नथ घातलेला रोहू

मागच्या गॅलरीत केळीच्या पानावर भला थोरला रोहू मासा पडला होता आणि मंदाकिनीबाई पदर नाकाला लावून त्याला लाल खण नेसवत होत्या. चातुर्मासात घरात कांदा येऊ न देणाऱ्या बाईवर ही वेळ!

पण करणार काय? सारी हयात कलकत्त्याच्या बालीगंजमध्ये काढलेल्या या मराठी ब्राह्मण घरात सून येणार होती ती बंगाली, नीलिमा. आज हळद होती. त्यांच्यातही आपल्यासारखीच नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडे जाते. फक्त तिच्यासोबत नवरीसारखा सजवलेला मासा जावा लागतो. नाही गेला तर मुलीकडच्यांचा अपमान. म्हणून नवरदेवाने, चारूनेच पहाटे गडियाहाटच्या बाजारातून तो गुपचूप आणला होता.

गुपचूप, कारण चारूचे वडील, श्यामराव. "करा लग्न. मी आड येत नाही, पण मांडवात पाऊल टाकणार नाही," असं सांगून ते लेकाशी बोलायचेच थांबले होते. आज पोराची हळद, तरी स्वारी फणकाऱ्याने कचेरीत गेली! बापच फिरकला नाही तर चारू बायकोला घेऊन या घरात कशाला राहील? एकुलता एक मुलगा दुरावणार, या धास्तीने मंदाकिनीबाईंना घास गोड लागत नव्हता.

आणि छत्री विसरली म्हणून श्यामराव नेमके परत आले.

"हे काय?"

"मान आहे नवरीचा," मंदाकिनीबाई कशाबशा म्हणाल्या. "आपल्याकडून जायचा असतो."

श्यामराव माशावर वाकले. आता हे सगळं रस्त्यावर भिरकावणार, असं धरून मंदाकिनीबाईंनी डोळे मिटले.

"आपल्याकडून ना? मग आपल्याकडची नवरी अशी उघड्या नाकाने जाणार? नथ कुठाय?"

मंदाकिनीबाईंना आधी कळेचना. कळलं तेव्हा हसू आणि रडू एकदमच आलं. माशाच्या नथीसाठी मोती ओवायला बसल्या, पण डोळ्यांतल्या पाण्याने सुईत दोरा काही केल्या जाईना.

"रडतेस काय? टोपी दे माझी. मान घेऊन घरातल्या वडीलधाऱ्याने जायचं असतं."

नाक मुरडत का होईना, श्यामरावांनी नथ घातलेल्या माशाचं ताट उचललं आणि पुढच्या खोलीच्या दारात थांबले. आत चारू हळदीने माखून पाटावर बसला होता.

"काय रे, तुझ्या सासऱ्यांचं घर कोणतं?"

चारू ताडकन उठला. "चला बाबा, दाखवतो."

"बस खाली! हळदीच्या अंगाने उंबरा ओलांडतोस? नुसतं सांग."